तज्ज्ञाला काय माहीत होते, आणि कधी? प्रयोगशाळांना आणि न्यायालयांना खुले पत्र

प्रति,
न्यायसहायक प्रयोगशाळांचे प्रमुख आणि तज्ज्ञ, नमुने पाठवणारे तपास अधिकारी, दोन्ही बाजूंचे वकील आणि ज्यांच्यासमोर ही साक्ष होते ते न्यायाधीश यांस,

सप्रेम नमस्कार.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या तज्ज्ञाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुमचे मत निःपक्षपाती आहे ना?" तज्ज्ञ "होय" म्हणतो आणि अगदी मनापासून म्हणतो. या प्रश्नोत्तरातून न्यायालयाच्या हाती काहीच लागत नाही. पूर्वग्रह ज्याच्यावर काम करतो त्याला तो दिसत नाही. दिसला असता तर त्याने तो बाजूला ठेवला असता. म्हणून आमचे म्हणणे असे की या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न यावा: नमुना तपासण्याआधी तुम्हाला या प्रकरणाबद्दल काय काय माहीत होते, आणि प्रत्येक गोष्ट कधी कळली? या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञाच्या आठवणीवर सोडू नये. ते तपासणीच्या वेळीच लिहिलेल्या कागदावर सापडले पाहिजे. पुढे जे काही लिहिले आहे ते हा कागद कसा तयार व्हावा आणि कसा वाचावा याबद्दल आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. हे पत्र लबाड तज्ज्ञांबद्दल नाही. लबाडीला कायद्यात शिक्षा आहे, तिचा मार्ग वेगळा. इथे विषय प्रामाणिक, अनुभवी, मन लावून काम करणाऱ्या माणसांच्या चुकांचा आहे. अशा चुका शपथेने थांबत नाहीत, ज्येष्ठतेनेही थांबत नाहीत.

मेफिल्ड प्रकरण या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला खरा धडा बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटर असलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर बोटाचा ठसा मिळाला. एफबीआयच्या संगणकाने त्याच्याशी साम्य असलेले 20 ठसे शोधून दिले. त्यातला एक होता अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला वकील ब्रँडन मेफिल्ड याचा. एफबीआयच्या तिघा तज्ज्ञांनी ठसा त्याचाच असल्याचे सांगितले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच सांगितले. स्पेनचे पोलीस मात्र ठसा जुळत नसल्याचे कळवत होते, आणि मे महिन्यात त्यांनी तो दुसऱ्याच, अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवून दिले. तोवर मेफिल्ड दोन आठवडे कोठडीत होता.

मेफिल्ड मुस्लिम होता, म्हणून पूर्वग्रह झाला, असे सर्रास सांगितले जाते. पण पहिली जुळणी झाली तेव्हा तज्ज्ञांना त्याचा धर्म ठाऊक नव्हता. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी 2006 मध्ये चौकशी अहवाल दिला, त्यात दाखवलेले पहिले आणि जास्त महत्त्वाचे कारण तांत्रिक आहे. तज्ज्ञांनी मेफिल्डचा स्वच्छ ठसा पाहिला आणि त्यातल्या खुणा पिशवीवरच्या अस्पष्ट ठशात "दिसू" लागल्या. रेषा कुठे फुटते, कुठे संपते, हे पुराव्यावरून ठरण्याऐवजी संशयिताच्या ठशावरून उलट ठरत गेले. धर्माचा आणि इतर माहितीचा परिणाम नंतर, स्पेनकडून नकार आल्यावर पुन्हा विचार करण्याची वेळ आली तेव्हा झाला. थोडक्यात, पहिला पूर्वग्रह बाहेरच्या कुजबुजीतून आलाच नव्हता. तुलनेसाठी समोर ठेवलेल्या नमुन्यातूनच तो आला. नुसते "तज्ज्ञाला गप्पा सांगू नका" एवढ्याने भागत नाही, ते यामुळे.

बाहेरच्या माहितीचा जोरही काही कमी नसतो. 2006 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना ठशांच्या जोड्या दिल्या आणि हीच मेफिल्डची चुकलेली जोडी असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात त्या जोड्या त्याच तज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी आपल्या कामात "जुळतात" म्हणून दिलेल्या होत्या. पाचपैकी तिघांनी आता "जुळत नाही" म्हटले, एकाने "सांगता येत नाही" म्हटले, फक्त एक जण आपल्या जुन्या मतावर राहिला. डीएनएसुद्धा यातून सुटत नाही. 2011 च्या अभ्यासात एका खऱ्या खटल्यातला मिश्र (एकाहून अधिक व्यक्तींचा डीएनए असलेला) नमुना, प्रकरणाची काहीही माहिती न देता, 17 विश्लेषकांकडे गेला. मूळ विश्लेषकांनी आरोपीला वगळता येत नाही असे सांगितले होते. त्या निष्कर्षाशी 17 पैकी एकच सहमत झाला. 12 जणांनी आरोपीला वगळले आणि चौघांनी निष्कर्ष निघत नसल्याचे सांगितले. सांगाड्यावरून लिंग ठरवण्याचा 2014 चा प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. सांगाडा एकच होता. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यापैकी 31 टक्क्यांनी तो पुरुषाचा म्हटला. डीएनएनुसार पुरुष असल्याचे आधी कळलेल्यांपैकी 72 टक्क्यांनी पुरुष म्हटला. स्त्री असल्याचे कळलेल्यांपैकी एकानेही पुरुष म्हटला नाही.

आता नेहमीचा आक्षेप. तज्ज्ञ म्हणतात, "जास्त माहिती असेल तर उत्तर जास्त बरोबर येईल. मग ती लपवायची कशाला? डॉक्टर रोग्याला प्रश्न विचारतोच ना?" आक्षेप पोकळ नाही. संशयिताने गुन्हा कबूल केला आहे हे कळल्यावर "ठसा त्याचा" म्हणणारा तज्ज्ञ बहुतेक वेळा बरोबर ठरेलही. पण न्यायालय त्याला गुन्हा कोणी केला हे विचारतच नाही. ठसा काय सांगतो एवढेच विचारते. न्यायाधीशांसमोर कबुलीजबाब एकीकडून येतो, ठशाचे मत दुसरीकडून येते, आणि ते दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून वजन केले जाते. ठशाच्या मतात कबुलीजबाब आधीच मिसळला असेल तर तोच पुरावा दोनदा मोजला गेला. कबुलीजबाब उद्या खोटा ठरला तर ठशाचे मत त्याच्याबरोबर पडायला हवे, पण ते पडत नाही. फाइलीत ते "वैज्ञानिक पुरावा" म्हणून ताठ उभे राहते. पुढे हे मत दुसऱ्या शाखेतल्या तज्ज्ञाच्या कानावर जाते, त्याचेही मत त्या बाजूला झुकते, आणि एका संशयाचे तीन-चार पुरावे होतात. आमचा सगळा आग्रह ही दुहेरी मोजणी टाळण्यासाठी आहे. तज्ज्ञाला अडाणी ठेवण्याची आम्हाला हौस नाही.

सुरुवात मुद्देमालासोबत येणाऱ्या पत्रापासून करावी लागेल. आज त्या एकाच कागदावर सगळे असते: गुन्ह्याची हकीकत, आरोपीचे नाव, तो सराईत असल्याचा उल्लेख, आणि कधीकधी "सदर ठसा आरोपीचाच असल्याबाबत अभिप्राय मिळावा" असे वाक्य. हे वाक्य विनंती म्हणून लिहिले जाते, पण त्यात उत्तर आधीच असते. या पत्राचे दोन सुटे भाग करा. पहिल्या भागात तपासणीला लागणारे तांत्रिक तपशील असावेत: ठसा कोणत्या पृष्ठभागावर होता, पृष्ठभाग सपाट की वळणदार, कोणती पावडर किंवा रसायन वापरले, कधी उचलला, कसा साठवला. गोळीबाराच्या अवशेषांसाठी घटना आणि नमुना घेणे यात किती वेळ गेला, हात धुतले होते का, संशयिताला कोणत्या वाहनातून आणले. दुसऱ्या भागात हकीकत, आधीचे गुन्हे, कबुलीजबाब, इतर तपासण्यांचे निकाल, तपास अधिकाऱ्याचे मत. पहिला भाग तज्ज्ञाकडे जाईल. दुसरा जाणार नाही.

तो वाचणारे कोणीतरी हवे, नाहीतर कोणती तपासणी करायची हेच ठरणार नाही. त्याला प्रकरण व्यवस्थापक म्हणू. तो सगळी फाइल वाचतो, तपास अधिकाऱ्याशी बोलतो, कोणत्या वस्तूची काय तपासणी करायची ते ठरवतो आणि तज्ज्ञाला लागेल तेवढीच माहिती लागेल तेव्हा देतो. यासाठी नवे पद मंजूर होण्याची वाट पाहायला नको. दोन तज्ज्ञ असलेल्या लहान प्रयोगशाळेत पहिला दुसऱ्याच्या प्रकरणांचा व्यवस्थापक आणि दुसरा पहिल्याच्या, एवढी अदलाबदल पुरते. अट एकच: ज्या प्रकरणाची फाइल वाचली त्याची तुलना स्वतः करायची नाही, आणि पडताळणीही नाही. तपास अधिकाऱ्याचा फोनही व्यवस्थापकाकडेच जावा. "साहेब, जुळतंय ना?" हा फोन थेट तज्ज्ञाला जाऊ लागला की वरची सगळी व्यवस्था कागदावर उरते.

तज्ज्ञाच्या टेबलावरचा क्रम हा या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. आधी अज्ञात नमुना, म्हणजे घटनास्थळावरचा. संशयिताचा नमुना त्या वेळी खोलीतच नसावा, बंद लिफाफ्यात व्यवस्थापकाकडे असावा. तज्ज्ञाने घटनास्थळावरचा ठसा पाहून तो तुलनेलायक आहे की नाही ते ठरवावे, दिसणाऱ्या खुणा प्रतिमेवर एका रंगाने, समजा हिरव्या, नोंदवाव्यात, आणि प्रत्येक खुणेपुढे खात्री किती ते लिहावे: ठाम, मध्यम, अंधूक. मग त्या प्रतिमेची प्रत तारीख-वेळेसह बंद करावी, म्हणजे नंतर कोणालाही तिच्यात फेरफार करता येणार नाही. त्यानंतरच दुसरा लिफाफा मागवावा. तुलना करताना पहिल्या ठशात नवी खूण दिसली तर ती नोंदवायला बंदी नाही, पण ती लाल रंगाने, वेळेसह, कारण लिहून. शेवटी हिरव्या खुणा किती आणि लाल किती हे कोणालाही मोजता येते. बारा हिरव्या आणि एक लाल ही एक गोष्ट झाली. चार हिरव्या आणि नऊ लाल असतील तर मत संशयिताच्या ठशावरून उलटे बांधले गेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते न्यायालयाला दिसलेच पाहिजे. आधी ठाम म्हटलेली खूण तुलनेनंतर "ती बहुधा डाग असावी" म्हणून पुसली जाते, तेव्हा तर जास्तच सावध व्हावे. न जुळणारी खूण पुसणे ही नवी खूण दिसण्याइतकीच सोपी, आणि जास्त लपून राहणारी चूक आहे.

डीएनएच्या मिश्र नमुन्यात हाच क्रम असा: आलेखातली कोणती शिखरे (डीएनएचे अंश दाखवणारे उंचवटे) खरी धरायची, कोणती यंत्राच्या गोंगाटातली, एकूण किती व्यक्तींचा अंश आहे, कोणत्या स्थानांवर माहिती गळाली असण्याची शक्यता आहे, हे सगळे संशयिताचा आलेख पाहण्याआधी लिहून बंद करायचे. उलट क्रमाने गेले तर संशयिताशी जुळणारे बारके शिखर खरे ठरते, न जुळणारे "गोंगाट" ठरते, आणि जिथे त्याचे शिखरच नाही तिथे "गळाले असावे" असे म्हटले जाते. तिन्ही निर्णय सुटे सुटे पाहिले तर पटण्यासारखे असतात. एकत्र पाहिले की ते सगळे एकाच दिशेला कसे पडले ते कळते. संगणकीय आज्ञावली वापरली म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण व्यक्तींची संख्या आणि काही मर्यादा तिला माणूसच भरून देतो.

ध्वनिमुद्रण अस्पष्ट असेल तर पोलिसांनी लिहून दिलेला मजकूर आधी वाचू नये. एकदा तो वाचला की कानाला तेच ऐकू येते आणि ते पुन्हा न ऐकण्याचा उपाय नाही. आधी स्वतः ऐकून लिहावे, न कळलेल्या जागा रिकाम्या सोडाव्यात, मग तुलना करावी. हस्ताक्षराच्या कामात अडचण वेगळी आहे: कागदावरचा मजकूरच हकीकत सांगतो. तिथे व्यवस्थापकाने मजकुरातले सुटे शब्द आणि अक्षरे कापून, क्रम मोडून प्रतिमा द्याव्यात. हे अर्धवट जमते, पण जेवढे जमते तेवढे करावे आणि जमले नाही ते लिहावे.

शवविच्छेदनात माहिती झाकणे बऱ्याचदा शक्यही नसते आणि शहाणपणाचेही नसते. मृतदेह कुठे, कसा सापडला हे कळल्याशिवाय डॉक्टरला पुढे जाता येत नाही. तिथे उपाय अहवालात आहे. स्वतः पाहिलेले, इतरांकडून कळलेले, आणि दोन्ही मिळून काढलेले, अशा तीन वेगळ्या भागांत लिहावे. "मानेवर दाबाच्या खुणा आहेत" हे पहिल्यात येते. "पतीने सांगितल्याप्रमाणे भांडण झाले होते" दुसऱ्यात. मृत्यूचे वैद्यकीय कारण आणि तो अपघात, आत्महत्या की खून हा निष्कर्ष एकाच वाक्यात बांधले जातात, तेव्हा दुसऱ्याचे किती वजन ऐकीव माहितीवर आहे ते न्यायालयाला कळत नाही.

संशयिताचा एकच नमुना पाठवण्याची पद्धतही बदलायला हवी. ओळखपरेडीत साक्षीदारासमोर एकट्या संशयिताला उभे करून "हाच का?" विचारले तर कोणतेही न्यायालय नाक मुरडते. ठसेतज्ज्ञाला किंवा बंदुकीच्या तज्ज्ञाला मात्र आपण रोज तेच विचारतो. व्यवस्थापकाने संशयिताच्या नमुन्यात गुन्ह्याशी संबंध नसलेल्या पाच व्यक्तींचे, दिसायला जवळचे नमुने मिसळून सहाही नुसत्या क्रमांकांनी द्यावेत. तज्ज्ञाने भलताच नमुना निवडला तर चूक त्याच क्षणी उघड होते आणि कोणी निरपराध अडकत नाही. संगणकाने काढलेल्या उमेदवारांच्या यादीबाबतही हेच. संगणकाने दिलेले साम्याचे गुण काढून टाका आणि क्रम विस्कटा. यादीत वर असलेल्या ठशाकडे तज्ज्ञाचा कल झुकतो, हे प्रयोगांत दिसले आहे. आणखी एक: लाखो-कोटी ठशांच्या साठ्यातून शोध घेतला की चुकीच्या माणसाचा पण विलक्षण साम्य असलेला ठसा सापडण्याची शक्यता वाढते. संगणक साम्यच शोधत असतो. म्हणून संशयित आधी शोधातून मिळाला की इतर पुराव्यातून, हे अहवालात असावे, आणि शोधातून मिळाला असेल तर जुळणीसाठी जास्त कडक कसोटी लावावी.

पडताळणीबद्दल जरा थांबून बोलावे लागेल, कारण प्रयोगशाळा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर ठेवतात. पहिल्या तज्ज्ञाच्या खुणा आणि सही असलेली फाइल दुसऱ्याच्या हातात दिली जाते, तो पाहतो, सही करतो. मेफिल्डच्या ठशावर अशाच सह्या झाल्या होत्या. पडताळणाऱ्याला कोरी प्रतिमा मिळावी, पहिल्याचा निष्कर्ष नाही, खुणा नाहीत, आणि शक्यतो त्याचे नावही नाही. कनिष्ठाकडून वरिष्ठाच्या मताची पडताळणी करवून घेणे हा तर नुसता उपचार असतो. पण एवढे सगळे करूनही एक भोक राहते. बऱ्याच ठिकाणी फक्त "जुळते" अशीच मते पडताळणीला जातात. मग लिफाफा टेबलावर आला यातच उत्तर आले, झाकलेल्या नावाचा उपयोग काय? म्हणून "जुळत नाही" आणि "सांगता येत नाही" या निकालांमधलेही काही, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, त्याच ढिगात गेले पाहिजेत. याचा दुसराही फायदा आहे. खोट्या जुळणीची सगळ्यांना धास्ती असते, पण चुकीच्या नकाराकडे कोणी पाहत नाही. 169 तज्ज्ञांच्या 2011 च्या मोठ्या अभ्यासात चुकीच्या जुळणीचे प्रमाण 0.1 टक्के होते आणि चुकीच्या नकाराचे 7.5 टक्के. त्यातल्याच काही तज्ज्ञांना काही महिन्यांनी त्याच जोड्या पुन्हा दिल्या तेव्हा सुमारे दहातला एक निर्णय बदलला. चुकीच्या नकाराने खरा गुन्हेगार सुटतो, आणि एखाद्या निरपराधाच्या बाजूचा पुरावाही हरवतो.

दोघांचे मत जुळले नाही तर काय करायचे? आज बहुधा बंद दाराआड चर्चा होते आणि अहवालावर एकच मत येते. चर्चा जरूर करा, पण दोघांची मूळ मते, चर्चेत कोणी काय बदलले आणि का, हे फाइलीत राहू द्या आणि मतभेद झाला होता हे अहवालात एका ओळीत लिहा. ते न लिहिणे म्हणजे आरोपीच्या उपयोगी पडणारा पुरावा दडवणे.

या सगळ्याची नोंद लांबलचक नको. एका प्रकरणासाठी अर्धे पान पुरते, साधारण असे:

10:20 – लिफाफा 1 (घटनास्थळावरचा ठसा) उघडला. माहीत असलेले: काचेचा पृष्ठभाग, काळी पावडर.
11:05 – तुलनेलायक ठरवला. 11 खुणा, पैकी 7 ठाम. प्रत बंद केली.
11:10 – लिफाफा 2 (क्रमांक 1 ते 6 चे ठसे) मिळाला.
12:40 – क्रमांक 4 शी साम्य. एक नवी खूण, लाल रंगात, कारण जोडले.
12:50 – जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याकडून कळले की अटक झाली आहे. निष्कर्ष त्याआधीच नोंदवलेला.

शेवटची ओळ मुद्दाम दिली. माहिती फुटतेच, फुटली म्हणून तज्ज्ञाला दोष देऊ नये. दोष न लिहिण्याचा असेल.

आता क्षमतेबद्दल. "माझे आजवर एकही मत चुकलेले नाही" हे वाक्य साक्षीत येते तेव्हा विचारावे, कळले कसे? बहुतेक प्रकरणांत खरे उत्तर काय होते हे कोणालाही कधीच कळत नाही. वर्षातून एकदा होणारी घोषित परीक्षाही फारसे सांगत नाही. ती परीक्षा आहे हे माहीत असते आणि माणूस त्या दिवशी जास्त काळजी घेतो. खरी परीक्षा नकळत व्हायला हवी: तपास यंत्रणेच्या मदतीने, नेहमीच्याच पाकिटात, नेहमीच्याच अर्जासह, खरे उत्तर माहीत असलेली बनावट प्रकरणे रोजच्या कामात सोडायची. ह्यूस्टनची न्यायसहायक प्रयोगशाळा 2015 पासून हे करत आली आहे, म्हणजे ते अशक्य नाही. निकाल वाचताना मात्र एक हिशेब लक्षात ठेवावा. 20 परीक्षांत एकही चूक नाही याचा अर्थ चुकीचे प्रमाण शून्य असा होत नाही. 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की ते सुमारे 14 टक्क्यांपेक्षा कमी आहे. 300 परीक्षांत एकही चूक नसेल तर 1 टक्क्यापेक्षा कमी. शून्य कधीच नाही.

अहवालाच्या भाषेकडे वळू. अमेरिकेत सूक्ष्मदर्शकाखाली केस जुळवून दिलेल्या जुन्या साक्षींचा एफबीआयने आढावा घेतला. 2015 मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार, आरोपीविरुद्ध ही साक्ष वापरलेल्या 268 खटल्यांपैकी 257 मध्ये तज्ज्ञांची विधाने विज्ञानाला धरून नव्हती. केसात काय दिसले याहून त्याबद्दल काय बोलले गेले, चूक तिथे मोठी होती.

सगळ्यात जास्त घात होतो तो शक्यता उलटी वाचल्याने. समजा एखादे वैशिष्ट्य 10 लाखांत एकात आढळते आणि ते आरोपीत आहे. "म्हणजे तो निर्दोष असण्याची शक्यता 10 लाखांत एक" असे वाक्य लगेच येते आणि ते साफ चूक आहे. 1 कोटी वस्तीत हे वैशिष्ट्य असलेली सुमारे 10 माणसे असतील. दुसरा काहीही पुरावा नसेल तर आरोपी त्या दहांतला एक, एवढेच सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये 1999 साली सॅली क्लार्क या आईवर आपल्या दोन बाळांच्या खुनाचा खटला चालला, त्यात दोन बाळांचा नैसर्गिक आकस्मिक मृत्यू 7 कोटी 30 लाखांत एकदाच होईल, असे सांगितले गेले. एका मृत्यूची शक्यता 8543 त एक धरून, 8543 चा वर्ग करून तो आकडा आला होता, जणू एकाच घरातल्या दोन मृत्यूंचा एकमेकांशी काहीच संबंध असू शकत नाही. शिवाय दोन बाळांचा खून तरी किती दुर्मीळ असतो, हा तुलनेचा प्रश्न विचारलाच गेला नाही. शिक्षा 2003 मध्ये रद्द झाली.

म्हणून मत नेहमी दोन शक्यतांच्या तुलनेत लिहावे, आणि दोन्ही शक्यता अहवालात शब्दांत मांडाव्यात. "ठसा आरोपीचाच आहे" असे लिहू नये. "दिसलेले साम्य, ठसा आरोपीचा असेल तर अपेक्षित आहे. तो दुसऱ्या कोणाचा असेल तर असे साम्य फारच क्वचित आढळेल" असे लिहावे. आकडा देता येत असेल तर द्यावा आणि तो कोणत्या माहितीसाठ्यावरून काढला तेही. "सुसंगत आहे" हा शब्द तर शक्य तिथे टाळावाच. इंग्लंडमधल्या बॉम्बस्फोटांसाठी सहा जणांना शिक्षा झालेल्या बर्मिंगहॅम सिक्स खटल्यात हातांवरच्या रसायनाच्या चाचणीचा होकार नायट्रोग्लिसरीनशी सुसंगत होता, हे खरेच. पण खेळायच्या पत्त्यांसारख्या रोजच्या वस्तूंवरच्या नायट्रोसेल्युलोजशीही तो तेवढाच सुसंगत होता. 1975 मध्ये झालेल्या शिक्षा रद्द व्हायला 1991 उजाडले. आणि डीएनए कोणाचा हा प्रश्न तो तिथे कसा आला या प्रश्नापासून वेगळा ठेवावा. तज्ज्ञाने पहिल्याची चाचणी केलेली असते आणि उलटतपासणीत त्याला दुसऱ्याबद्दल बोलते केले जाते.

वकिलांनो, साक्षीआधी तज्ज्ञाशी बोलणे गैर नाही, पण त्याची नोंद ठेवा आणि मसुद्यात तुम्ही सुचवलेला शब्द कोणता ते दुसऱ्या बाजूला कळू द्या. बचाव पक्षाने आपला तज्ज्ञ या नियमांतून मोकळा समजू नये. 108 मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांच्या 2013 च्या प्रयोगात त्याच फाइली देऊन काहींना सरकार पक्षाने आणि काहींना बचाव पक्षाने नेमल्याचे भासवले, आणि गुन्हेगार पुढे किती धोकादायक ठरेल याचे त्यांनी दिलेले गुण नेमणाऱ्याच्या बाजूला सरकले. मानधन निकालावर अवलंबून नसावे, हे सांगायलाच नको.

न्यायाधीश महोदयांना विनंती: उलटतपासणीने पूर्वग्रह उघडा पडतो या समजावर विसंबू नये. तज्ज्ञ खोटे बोलतच नसतो, मग तो अडखळणार कुठे? त्याऐवजी साक्षीआधीच माहितीची नोंद, बंद केलेली पहिली प्रत, पडताळणाऱ्याची कोरी प्रत आणि नकळत घेतलेल्या परीक्षांचे निकाल मागवावेत. ते नसतील तर मत फेकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही, पण त्याला स्वतंत्र पुरावा मानू नये. दोन तज्ज्ञांत मतभेद असेल तर ऑस्ट्रेलियात रुळलेली पद्धत उपयोगी पडते. दोघांनी आधी एकत्र बसून सहमतीचे आणि मतभेदाचे मुद्दे लिहून द्यायचे, मग शेजारी बसवून मतभेदाच्या प्रत्येक मुद्द्यावर एकमेकांसमोर विचारायचे. तीन दिवसांचा वाद पुष्कळदा एका गृहीतकावर येऊन थांबतो.

आणि एक मर्यादा. पद्धतच कच्ची असेल तर क्रम आणि लिफाफे तिला पक्के करत नाहीत. दातांच्या चाव्यावरून माणूस ओळखण्याला वैज्ञानिक पाया नाही, हे 2016 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेने स्पष्ट सांगितले आहे. तिथे तज्ज्ञापासून माहिती झाकून तपासणी केली तरी मत घेऊ नये.

वेळ कुठून आणायचा, असे प्रयोगशाळा विचारतील. सगळ्या प्रकरणांत सगळे करा असे नाही. स्वच्छ, भरपूर खुणांच्या ठशावर पूर्वग्रहाला फारशी जागा नसते. अस्पष्ट ठसे, तीन किंवा अधिक व्यक्तींचे मिश्र डीएनए नमुने, हस्ताक्षर, अस्पष्ट आवाज, आणि बाकी पुरावा तुटपुंजा असलेले कोणतेही प्रकरण, इथून सुरू करा. दोन भागांचे पत्र आणि वेळेची नोंद यांना छपाईपलीकडे खर्च नाही, ते पुढच्या महिन्यापासून सगळ्यांसाठी होऊ शकते. कोऱ्या प्रतीवरची पडताळणी त्यानंतर. मिसळलेले नमुने आणि बनावट प्रकरणे यांना तयारी लागते, त्यासाठी वर्ष घ्या. पहिल्या काही महिन्यांत "सांगता येत नाही" असे निकाल वाढतील आणि तपास अधिकारी तक्रार करतील. त्या तक्रारी व्यवस्थापकाकडे पाठवा, तज्ज्ञाकडे नको.

आपले,
न्यायसहायक तपासणी आणि न्यायालयीन साक्ष या कामात असलेले काही जण